एकाच बाटलीतले थेंब

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी वाचायचं-लिहायचं नाही असं बजावलं आहे. वाचत नाही. लिहिणं मात्र सुटत नाही. सारी नोकरी एसटीची गाडी चालवण्यात गेली, आणि ड्युटी संपली की गाडीचं काय दुखतंय ते डेपोत लिहून द्यायचं हा नियम. ब्रेक ढिले, वायपर मेला, क्लच घसरतोय. आता गाडी मीच आहे, म्हणून माझंच लिहितो.

गेल्या सोमवारी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं उन्हाळ्यात करू म्हणाले. तोवर डावीकडची काच धुळीची आणि उजवीकडची नवी कोरी, असा कारभार आहे. मुक्काम धाराशिवला, मुलाच्या फ्लॅटमध्ये, तिसरा मजला, मागची खोली. खोलीला एक खिडकी, खिडकीला जाळी, जाळीपलीकडं समोरच्या बिल्डिंगची भिंत. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, जिना उतरायचा नाही, काळा चष्मा काढायचा नाही.

मुलगा कृष्णराज सोलापूरला कारखान्यात, शनिवारी येतो आणि रविवारी जातो. काल जाताना म्हणाला, "आण्णा, चोवीस तारखेला चेकअप आहे. डॉक्टर डोळा ठणठणीत म्हणाले तर मी स्वतः तुम्हाला अणदूरला सोडून येतो. पण जरा जरी कमी-जास्त निघालं तर एकटं राहायचा विषय संपला. घर भाड्यानं देऊन टाकू."

मी म्हटलं, ठरलं. अणदूरचं माझं घर दोन खोल्यांचं आहे, पण दार उघडलं की समोर रस्ता दिसतो. बायको, सारजाबाई, गेल्यावरही मी तिथं एकटा नीट राहिलो. स्वयंपाक येतो, कपडे धुता येतात. फक्त डोळ्यानं दगा दिला.

इथं खरा अंमल सुनेचा. अर्पिता वाईट नाही, पण कंडक्टर आहे. मी दाराकडं निघालो की स्वयंपाकघरातून तिची बांगडी एकदा चौकटीवर वाजते. टिंग. एसटीत कंडक्टरनं एकदा घंटी ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. या घरात दुसरी घंटी कुणी ओढतच नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

खोलीत मी एकटा नाही हे लिहायचं राहिलं. कोपऱ्यात पिंजरा आहे, त्यात लाही. नातीचा, शिवांजलीचा ससा. म्हणजे सशीण. पांढरी, ज्वारीच्या लाहीसारखी, आणि डोळे लालभडक. शिवांजली लातूरला बारावी आणि डॉक्टरकीची तयारी एकदम करते आहे. होस्टेलवर ससा चालत नाही. दिवाळीला आली होती तेव्हा जाताना पिंजरा माझ्या खोलीत ठेवून म्हणाली, "आबा, तुम्ही दोघं एकमेकांकडं बघा."

बघतो. दुसरं बघायला आहे काय?

लाही दिवसातून दोनदा पिंजऱ्याच्या दाराशी येऊन जाळी दातानं ओढते. मग सोडून देते. मला तिची कीव येते, मग तीच कीव फिरून माझ्याकडं येते, म्हणून मी तिकडं पाठ करून झोपतो.

तिला बाजारातल्या गोळ्या खायला घालतात. मला ते पटत नाही. जनावराला कडबा पाहिजे. अणदूरला विरुपाक्षला फोन लावला. माझा जुना कंडक्टर, घराची किल्ली त्याच्याकडंच असते. म्हटलं, एक पेंढी कडबा एसटीत टाकून दे.

"सशाला कडबा? रामहरी, डोळ्यासंगं डोस्कं बी काढलं काय तुजं?"

पण पाठवतो म्हणाला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कडबा आला. अर्पिता स्टँडवर जाऊन घेऊन आली. गेल्या साली काढलेला, वाळून कडक झालेला, झटकला की धूळ. खोलीभर अणदूरचा वास सुटला. 

अर्पिता म्हणाली, "मामा, कातरून घालू का? शिवू गवतसुद्धा कातरून, झटकून घालते."

मी म्हटलं, "ससा हाय का बाळंतीण? राहू दे."

लांबच्या लांब धाटं तशीच पिंजऱ्यात उभी खोचली. लाही त्यात तोंड खुपसून कराकरा खाऊ लागली. बघून पोट भरलं.

दुपारी दोन बायका दारात आल्या होत्या. अर्पिताशी हळू आवाजात बोलून गेल्या. परवाही अशाच आल्या होत्या. तिनं "अजून नाही, बघू" असं काहीतरी सांगून लावून दिल्या. भिशीचं काहीतरी असेल.

९ नोव्हेंबर, रविवार

शिवांजलीचा फोन, चेहरा दिसणारा. आधी लाही दाखवा, मग तुम्ही.

"आबा, ती डावा डोळा बारीक का करतेय?"

"झोप आली आसंल."

"डोळ्याखालची केसं ओली आहेत का बघा ना."

बघितलं. ओली होती. पंख्यानं असेल. समोरच्या बिल्डिंगमधलं पोरगं दिवाळीतले उरलेले फटाके अजून उडवतंय, त्याचा धूर असेल. मी म्हटलं, काळजी करू नको, मी आहे ना.

"तुम्ही आहात म्हणूनच मला अभ्यास होतो," म्हणाली. मला दिवसभर ते पुरलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

लाल डोळ्याच्या सशाचा डोळा लाल झाला हे ओळखायचं कसं? मी अर्धा तास बघत होतो. लाल तर दोन्ही आहेत. पण डावा ती मिटून घेते, आणि पुढच्या पंजानं सारखा पुसते. पंजाची आतली केसं चिकटून गुठळ्या झाल्यात. एका कोपऱ्यात पांढरट चिकटा.

आणि एकदम आठवलं, अरे, आपल्याकडं औषध आहे की. डोळ्याचंच.

डेपोच्या विश्रांतीगृहात खिडकीच्या कठड्यावर एक डोळ्याच्या औषधाची बाटली कायम असायची. रात्रभर गाडी मारून आलेला ड्रायव्हर, धूळ खाऊन आलेला ड्रायव्हर, जो येईल तो मान वर करून एक थेंब टाकायचा आणि बाटली परत कठड्यावर. संपली की कुणीतरी नवी आणायचा. बाटली कुणाची असं कुणी विचारत नसे. इतक्या डोळ्यांना चाललं, सशाला का नाही चालणार? माझं औषध तर ऑपरेशननंतरचं, म्हणजे अजून भारी.

पिंजऱ्याचं दार उघडलं, लाहीला मांडीवर घेतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि टाकला एक थेंब. तिनं मान झटकली, बाटलीचं टोक डोळ्याला लागलं. मी टोक धोतराला पुसलं.

अर्पिता चार वेळा मोबाईलमध्ये गजर लावून माझे थेंब घालायला येते. आज तिला सांगितलं, "मी घालीन माझं मी. तू किती येरझाऱ्या घालणार?" तिला बरं वाटलं असावं. बाटली माझ्या उशाशी ठेवली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गुण आला! लाहीनं डोळा उघडला. पाणी कमी. आज धाटं सोडून कोथिंबीर खाल्ली आणि पिंजऱ्यात दोन उड्या मारल्या. डॉक्टरांची फी वाचली, पोरीचा जीव वाचला. विरुपाक्षला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आता दवाखाना काड अणदुरात. म्या पावत्या फाडतो."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बाटली हलकी लागतेय. चोवीस तारखेपर्यंत पुरेल असा डॉक्टरांचा हिशेब होता, त्यात लाही नव्हती. नवी मागवली तर अर्पिता विचारणार, इतक्यात कशी संपली? मग सगळंच निघणार. कृष्णराजला कळलं तर म्हणेल, बघा, यांना एकटं ठेवायचं म्हणता?

तेव्हा मी माझे थेंब कमी केले. सकाळी एक, संध्याकाळी एक. मला तसंही बरं आहे. तिचे चारही देतो. तिला गरज जास्त.

१६ नोव्हेंबर, रविवार

या खोलीतली ट्यूबलाइट बदलली पाहिजे. तिच्याभोवती गोल कडं दिसतं. खिडकीचा उजेडही हल्ली टोचतो. मी पडदा ओढून बसतो. कृष्णराज म्हणाला, अंधारात का बसता? म्हटलं, सवय.

लाही पुन्हा डोळा मिटते आहे. आज तो मोठ्या मुश्किलीनं उघडून बघितला तर लाल दिसायच्या जागी मधे धुरकट, ताकासारखं. मी थेंब वाढवले. कालपासून माझा सकाळचाही तिलाच.

शिवांजलीच्या फोनला म्हटलं, नेट येत नाहीय, चेहरा दिसणार नाही. नेट चांगलं होतं.

संध्याकाळी अर्पिता पिंजऱ्यातले कागद काढायला वाकली आणि तशीच राहिली. "मामा! हिच्या डोळ्याला काय झालंय?"

मी म्हटलं, "व्हय का? मला या चष्म्यातून काय दिसतंय."

१७ नोव्हेंबर, सोमवार

अर्पिता लाहीला भाजीच्या टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण आहे, तरन्नुम नावाची, लहान जनावरांचं चांगलं बघते म्हणे. आल्यावर अर्पितानं सगळं सांगितलं. मी पडल्या पडल्या ऐकलं, भिंतीकडं तोंड करून.

डोळ्याला एक नारंगी पट्टी लावली, दिवा पाडला. जिथं जखम तिथं हिरवं दिसतं. लाहीच्या बुबुळावर हिरवा ठिपका दिसला, मसुराएवढा. "काहीतरी टोचलंय म्हणाल्या. गवताची काडी, धाट, असं काहीतरी. मग मी कडब्याचं सांगितलं." एवढंच बोलून अर्पिता थांबली. मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

कडबा बारीक कातरून, धूळ झटकून घालायचा. कागद रोज बदलायचे, मुताच्या वासानंही सशाचे डोळे झोंबतात. खाणं सोडलं तर उद्यावर ढकलायचं नाही, लगेच आणायचं. सशाचं पोट थांबलं की ससा जातो. डोळ्यात दिवसातून सहा वेळा हे नवं औषध, टोक न टेकवता.

"आणि त्यांनी विचारलं, याआधी काही घातलंय का डोळ्यात? मी म्हटलं, काहीच नाही. घरात घालणार कोण?"



सांगायला पाहिजे होतं का? पण सांगून काय होणार? औषधच घातलं ना, काही विष नाही घातलं. आणि आता तर उलट चांगलं, त्यांचं एक आणि माझं एक, दोन्ही मिळून लवकर भरून येईल. चोवीस तारीख एकदा जाऊ दे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अर्पिता सहा वेळा येऊन थेंब घालते. ती गेली की मी माझे घालतो. लाही आता मला बघून मागच्या कोपऱ्यात जाते. मला वाटतं तिला डाव्या बाजूनं मी दिसतच नाही, हात एकदम अंगावर येतो.

या वहीच्या रेघा फार फिक्या छापल्यात. मोठं मोठं लिहितो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लाहीनं कालपासून काही खाल्लं नाही. कोथिंबीर तशीच. पिंजऱ्यात लेंड्याही नाहीत. अर्पिता सकाळीच तिला घेऊन गेली. दुपारी आली ती टोपली जमिनीवर ठेवून खाली बसली, चप्पल पायात तशीच.

"डॉक्टर म्हणतात, इतकं औषध घालून जखम भरायची ती वाढतेय. बुबुळ विरघळायला लागलंय. त्यांनाही कळेना का. दाताच्या मुळाचं काही असेल म्हणून फोटो काढला, दात चांगले आहेत. पोटासाठी सुई दिली, दुखण्याचं औषध दिलं. परवा सकाळपर्यंत फरक नाही पडला तर डोळा काढावा लागेल."

"काडायचा म्हंजे?"

"काढायचा, मामा. शिवून टाकायचं."

मग म्हणाली, "त्या सारख्या विचारत होत्या, माणसाचं काही औषध घातलं का? ते ऑपरेशननंतरचं वगैरे? त्यात स्टेरॉइड असतं म्हणे. जखम असलेल्या डोळ्यात ते गेलं की आधी दोन दिवस बरं वाटतं, पाणी थांबतं, आणि आतून जखम पसरते. मी शपथेवर सांगितलं, नाही म्हणून."

आधी दोन दिवस बरं वाटतं. त्याच दोन दिवसांच्या भरात मी अणदूरला विरुपाक्षला फोन केला होता.

थोड्या वेळानं मी बाटली तिच्यापुढं धरली. म्हटलं, "यात काय काय हाय, वाच बरं. बारीक अक्षर हाय."

तिनं उजेडाकडं धरून वाचलं. मग म्हणाली, "दोन औषधं आहेत. एक जंतू मारायचं, आणि दुसरं ते स्टेरॉइडच. तुमच्यासाठी ते लागतंच म्हणाले होते डॉक्टर. का हो?"

"काय न्हाय. सहज."

बाटली तिनं परत दिली. हलवून बघितली नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल दुपारपासून लाहीला माझा थेंब नाही. आपोआप बरं व्हावं म्हणून बघत बसलो आहे. अर्पिता हिरवं गवत वाटून, पिचकारीनं तिच्या गालात घालते. ती थोडं गिळते, थोडं सोडते.

सरळ हिशेब आहे. सांगितलं तर डॉक्टरणीला कळेल दुखणं कशाचं आहे, काहीतरी इलाज निघेल. पण सांगितलं तर माझे थेंब कुठं गेले हेही निघणार. मग माझा डोळा बघणार. माझा डोळा मी आज आरशात बघितला. लाहीचा आणि माझा रंग एक झालाय.

चष्मा आहे म्हणून कुणाला दिसत नाही. चोवीस तारखेला डॉक्टर चष्मा काढायला लावतीलच, ते का मला कळत नाही? पण माणूस तीन दिवस तरी लांब ढकलतो. आजपासून सगळे थेंब मी घातले तर तोवर उतरेल असं मनाला सांगत होतो. बाटली उलटी धरली. एक थेंब आला, मग हवा.

विरुपाक्षचा फोन आला. "यात्रा आली की. कवा येतूस? तुजं घर झाडून घेतलंय, दाराम्होरं सडा घालाय लावलाय. देव नळदुर्गाला मुक्कामाला निघायच्या आत ये."

आमचा खंडोबासुद्धा वर्षातून गाव बदलतो, नळदुर्गला जाऊन राहतो आणि परत येतो. त्याला कुणी चौकटीवर बांगडी वाजवून थांबवत नाही. मला रडू आलं. खरं सांगायचं तर डोळ्यातून पाणी सकाळपासूनच येत होतं, त्यातच हे मिसळलं.

म्हटलं, "बघू."

फोन ठेवला तेव्हा लाही पिंजऱ्याच्या दाराशी आली होती. जाळी ओढली नाही. नुसती टेकून बसली, बिघडलेली बाजू माझ्याकडं करून. मला तिच्याकडं बघवेना, आणि दुसरीकडं बघायला भिंत.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज लिहू नको असा सक्त हुकूम आहे. डोळे जवळजवळ मिटून, अंदाजानं लिहितोय. कालचं लिहिल्याशिवाय ड्युटी संपत नाही.

काल सकाळी अर्पिता टोपली घेऊन निघाली. मी चपला घालून दारात उभा. ती म्हणाली, "मामा, जिना! आत व्हा." टिंग वाजवायला तिच्या हाताला चौकट सापडली नाही, टोपली होती. मी कठडा धरून उतरायला लागलो. ती मागून "अहो मामा, अहो मामा" करत आली. तसाच रिक्षात बसलो. उजेड डोळ्यात सुयांसारखा घुसत होता.

डॉक्टरीण पोरीच्या वयाची, अंगात निळा डगला. लाहीला टेबलावर घेऊन दिवा पाडला आणि मान हलवली. कात्री वगैरे ताटात मांडलेली दिसली.

मी म्हटलं, "थांबा. औषध मी घातलंय."

"कुठलं औषध, काका?"

बाटली खिशातून काढून टेबलावर ठेवली. "ह्ये. माज्या आप्रेशनचं. धा तारखेपासनं. तुमचं चालू होतं तेव्हा बी घालत होतो. परवाच्या दुपारी बंद केलं."

तरन्नुम डॉक्टरणीनं बाटली वाचली. मला वाटलं ओरडेल. तिनं मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "काका, हे गुरुवारी सांगितलं असतं तर. पण आज तरी सांगितलं. मला वाटत होतं औषध लागू पडत नाही, म्हणून काढायचं ठरवलं होतं. आता काढत नाही. आता कारण कळलं."

लाहीच्याच पायातलं थोडं रक्त काढलं. ते यंत्रात फिरवून त्यातलं वरचं पिवळसर पाणी वेगळं करायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं आणि दोन-दोन तासांनी डोळ्यात घालायचं. त्यानं बुबुळ विरघळायचं थांबतं, असं म्हणाली. खात्री देत नाही, पण आशा आहे.

 अर्पिता रिकाम्या बाटलीकडं बघत होती. मग माझ्याजवळ आली आणि मला काही कळायच्या आत माझा काळा चष्मा दोन्ही हातांनी काढला.

मी तोंड फिरवलं. तिनं हनुवटी धरून परत वळवलं, पोराची धरतात तशी. आजवर सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी ती.

"तुमचे थेंब तुम्ही कधीपासून घातले नाहीत?"

"आठ-नऊ दिस झालं आसतील. म्हंजे कमी कमी करत."

"का, मामा?"

 म्हटलं, "नवी बाटली मागितली आसती तर तू इचारलं आसतंस. मग कृष्णराज. मग अणदूर गेलं आसतं."

ती रडायला लागली. रागानं. "मी काय पोलीस आहे का हो? महिना झाला मी या घरातून हलले नाही. तुमचा डोळा, तुमचा डोळा म्हणून. आणि तुम्ही तोच..." 

डॉक्टरीण टॉर्च माझ्या डोळ्याशी आणून म्हणाली, "वहिनी, भांडण रिक्षात करा. काकांना आधी डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन जा. आत्ता. लाही इथं राहू दे."

डोळ्याचे डॉक्टर मला खूप बोलले. आत सूज आलीय, थेंब अर्धवट सोडल्यामुळं, आणि सशाच्या डोळ्याला लागलेलं टोक माझ्या डोळ्याला लावल्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. अजून दोन दिवस गेले असते तर, एवढं बोलून थांबले. जे औषध मी लाहीला देत होतो त्यानं तिचा डोळा जात होता, आणि तेच औषध न घेतल्यानं माझा. आता मला तासातासाला तेच थेंब. चोवीसचं चेकअप कालच उरकलं म्हणायचं.

संध्याकाळी कृष्णराज आला. अर्पितानं त्याला सगळं सांगितलं. तो माझ्या खोलीच्या दारात आला. म्हणाला, "आण्णा, ठरलं होतं आपलं."

"व्हय," मी म्हटलं. "ठरलं होतं. दिऊन टाक भाड्यानं."

१ डिसेंबर, सोमवार

लाही घरी आली. डोळा वाचला. मधे एक पांढरा डाग कायमचा राहील, त्या बाजूनं तिला धुरकटच दिसणार. पण खाते. पिंजऱ्यात लेंड्या पडल्या तेव्हा अर्पिता आणि मी दोघंही पेढे वाटावेत असे खूश झालो.

शिवांजलीला मी स्वतः सांगितलं, चेहरा दाखवून, चष्मा काढून. तिनं आधी लाहीचा डोळा जवळून दाखवायला लावला. मग म्हणाली, "आबा, तिच्या चांगल्या बाजूनं जात जा आता. उजवीकडून. आणि हात लावायच्या आधी आवाज द्या."

"आवाज दीन," मी म्हटलं. ओव्हरटेक करायच्या आधी हॉर्न द्यायचा, हे मला वेगळं शिकवावं लागत नाही. "रागावलीस व्हय?"

"हो," म्हणाली. फोन मात्र ठेवला नाही. तिकडं तिची पुस्तकाची पानं उलटत होती, इकडं मी कडबा कातरत होतो.

माझा डोळा उतरतोय. नजर येईल, पण हळूहळू, आणि डॉक्टर म्हणतात डाव्याचं होईपर्यंत इथून हलायचं नाही. म्हणजे उन्हाळा. अणदूरच्या घरात अंगणवाडीच्या बाई राहायला आल्या. विरुपाक्षनं किल्ली दिली. त्यांनी दारापुढं तुळस लावली, असं तो सांगत होता. आणखी काही बोलायचं होतं त्याला, पण मीच म्हटलं गजर झालाय, थेंब घालायचेत.

१३ डिसेंबर, शनिवार

त्या दोन बायका पुन्हा आल्या. अर्पिता आंघोळीला गेली होती, दार मी उघडलं. त्यातली एक म्हणाली, "काका, मॅडमचा शिवणक्लास कधी सुरू व्हायचा? तुमच्या ऑपरेशनपासून बंद आहे. आमचे ब्लाऊज अर्धे राहिलेत."

मी म्हटलं, भिशीसाठी येत होता ना तुम्ही? त्या एकमेकींकडं बघून हसल्या. खाली चौकात म्हणे हिनं एक गाळा घेतलाय, दोन वर्षं झाली. पंधरा बायका शिकायला येतात. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

१५ डिसेंबर, सोमवार

आज दुपारी जेवणं झाल्यावर अर्पिताला म्हटलं, "जा गाळ्यावर. दोन तास काय होत न्हाय मला."

"आणि थेंब?"

"तू घालून जा. आली की परत घाल. बाटल्या पायजे तर संगं घेऊन जा."

मी चेष्टेनं म्हटलं होतं. तिनं खरंच दोन्ही बाटल्या, अदलाबदल नको म्हणून दोरे बांधलेल्या, माझी काळ्या दोऱ्याची आणि लाहीची लाल दोऱ्याची, पर्समध्ये टाकल्या आणि चेन ओढली. लागलं मला, पण बोलायला तोंड नव्हतं.

चप्पल घालून ती दारात उभी राहिली. निघेना. गॅस बघितला, परत आली. पिंजरा बघितला, परत आली. "मामा, जिना उतरू नका. कुणी आलं तर दार उघडू नका. मी बाहेरून कडी लावू का?"

"लाव."

तरी निघेना. कडीवर हात ठेवून उभी. दीड महिना घरात बसलेलं माणूस असंच होतं, दार उघडं असलं तरी पाय उचलत नाही. लाहीचंही तसंच आहे. परवा तिचं दार उघडं ठेवलं होतं, ती आतच बसली.

मी उठलो, चौकटीपाशी गेलो. हातात बांगडी नव्हती, पाण्याचा पेला होता. तो चौकटीवर वाजवला. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा.

साऱ्या नोकरीत मी घंटी कधी ओढली नाही. ते कंडक्टरचं काम. आम्ही फक्त ऐकायचं.

अर्पितानं माझ्याकडं बघितलं. कळलं तिला. हसली नाही, पण पदर नीट केला आणि बाहेरून कडी लावली. जिन्यावर तिची पावलं आधी हळू, मग भराभर उतरत गेली.

मी खोलीत आलो. लाहीच्या उजव्या बाजूला जाऊन तिला आवाज दिला, मग पिंजऱ्याचं दार उघडून जमिनीवर बसलो. अजून आली नाही बाहेर. मी बसलोय.